वैनगंगेच्या तीरावर आठवलेली पाणबुडी

गेल्या पौषात अंभोऱ्यास जाण्याचा योग आला. भंडारा जिल्ह्यात ज्याचे उभे आयुष्य गेले त्याला अंभोरा नवखे नव्हे. वैनगंगा, कन्हान व त्यांच्या तीन लहान सखी अशा पाच नद्यांचा येथे संगम होतो, आणि टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ आहे. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ येथेच रचला असे आमच्याकडील मंडळी अभिमानाने सांगतात. आंबेजोगाईची मंडळी तो मान आपल्या गावाकडे घेतात. त्या वादात पडण्याचे मला कारण नाही. परंतु समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या या प्रदेशात आपल्या ग्रंथाला ‘सिंधु’ हे नाव द्यावेसे वाटणारा पुरुष होऊन गेला असावा, ही कल्पना मला लहानपणापासून प्रिय आहे.

पूर्वी आम्ही येत असू तेव्हा नदी खडकांतून वाहताना दिसे, आणि भाविक मंडळी डोंग्यातून पलीकडे जात. आता ते दृश्य उरलेले नाही. पवनीजवळ गोसीखुर्दचे धरण झाले. १९८८ साली त्याची पायाभरणी झाली. पुढे पाणी जसजसे अडत गेले तसतसा जलाशयाचा फुगवटा थेट भंडाऱ्यापर्यंत येऊन पोचला. अनेक गावे, शेते, आंब्यांच्या राया व देवळे पाण्याखाली गेली. अंभोऱ्यास २०२४ साली मोठा पूल झाला असून त्यावरून उभय तीरांचे पाणी एखाद्या सरोवरासारखे पसरलेले दिसते. लोक तेथे हौसेने जातात. दृश्य खरोखर रमणीय आहे. मात्र ज्यांनी जुनी नदी पाहिली त्यांच्या डोळ्यांना त्या रमणीयतेच्या तळाशी काही तरी सलत राहते.

माझ्याबरोबर माझा एक जुना विद्यार्थी होता. तो व्यापारी जहाजावर यंत्रविभागात नोकरीस आहे. आमच्या धानाच्या मुलखातला मुलगा समुद्रावर जातो हे प्रथम ऐकले तेव्हा मला नवल वाटले होते. वर्षातील सहा-सात महिने तो तेलवाहू जहाजावर असतो. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले होऊ लागले तेव्हापासून त्याच्या आईने सोमवारचा उपास धरला आहे. सुटीवर आला की तो मला भेटल्यावाचून जात नाही. या खेपेस, “गुरुजी, नवा पूल पाहून येऊ,” असे म्हणून तो गाडी घेऊनच दारी आला.

पूल पाहून झाल्यावर आम्ही पाण्याच्या काठाशी उतरलो. एक वृद्ध ढिवर आपले जाळे झाडून उन्हात पसरीत होता. त्याला मी सहज विचारले, “बाबा, तुमचे गाव कोणते?” त्याने हात पसरून पाण्याकडे दाखविले आणि म्हणाला, “थो का, तठी होता. उन्हाळ्यात पानी उतरला का आमच्या घराचा जोता दिसते.” एवढे बोलून तो पुन्हा जाळ्याच्या गाठी पाहू लागला. समोर एक टिबुकली बुडी मारून नाहीशी झाली, आणि बऱ्याच वेळाने भलत्याच ठिकाणी वर आली. ती पाहून माझा विद्यार्थी हसला व म्हणाला, “गुरुजी, तुम्ही आम्हाला नेताजींच्या पाणबुडीची गोष्ट सांगत होता. मी तेव्हा तुम्हाला एक प्रश्न विचारला होता. आठवतो?”

मला तो चांगला आठवत होता. दरवर्षी २३ जानेवारीस, नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या जयंतीला, मी वर्गात ती गोष्ट सांगत असे. काबूलमार्गे जर्मनीस गमन, तेथून पाणबुडीने निघणे, भर समुद्रात जपानी पाणबुडीत चढणे आणि मग सिंगापूर! मुले श्वास रोधून ऐकत. एके वर्षी शेवटच्या बाकावरून या मुलाने विचारले होते, “गुरुजी, नेताजी उतरल्यावर त्या पाणबुडीचे पुढे काय झाले?” मी म्हणालो होतो, “गेली असेल परत आपल्या देशी.” तास संपल्याची घंटा झाली, आणि प्रश्नही संपला असे मी समजलो. वास्तविक मला उत्तर ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नाही हे सांगण्याचा मोकळेपणाही मी दाखविला नव्हता. सेवानिवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली तेव्हा ते उत्तर मी शोधून काढले होते. ते त्याला त्या दिवशी काठावर बसून सांगितले. तेच येथे वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम या नदीचा संबंध सांगावयास हवा. वैनगंगेचा उगम सिवनी जिल्ह्यातील मुंडारा या गावी होतो. त्याच सिवनीच्या तुरुंगात १९३२ साली सुभाषबाबू बंदिवान होते. त्या वर्षाच्या आरंभी, मुंबईहून परतताना, कल्याण स्थानकावर त्यांना पकडण्यात आले, आणि १८१८ च्या तिसऱ्या रेग्युलेशनखाली, म्हणजे चौकशी वा खटला काहीएक न करता, सिवनीस ठेवण्यात आले. पुढे त्यांचे वडील बंधू शरदबाबू यांनाही तेथेच आणले. त्या तुरुंगवासात सुभाषबाबूंची प्रकृती ढासळली, आणि अखेर १९३३ च्या फेब्रुवारीत उपचारांसाठी त्यांना मुंबईहून युरोपास जाऊ देण्यात आले. आमच्या नदीच्या उगमाजवळच्या कोठडीतून निघालेला हा पुरुष दहा वर्षांनी पुन्हा युरोपातून समुद्रमार्गे निघाला. मात्र या खेपेस समुद्राच्या पृष्ठावरून उघडपणे नव्हे.

ज्या पाणबुडीतून ते निघाले तिला नाव नव्हते, केवळ क्रमांक होता : यू-१८०. आपल्याकडे साध्या होडीलाही नाव देऊन नारळ फोडतात. जर्मन आरमाराने आपल्या शेकडो पाणबुड्यांना नुसते आकडे दिले होते. ब्रेमेन येथील कारखान्यात ती बांधली गेली, आणि मे १९४२ मध्ये आरमारात दाखल झाली. लांबी सुमारे ८७ मीटर. दूरच्या महासागरांत जाता यावे म्हणून तिचा आकार मोठा ठेवला होता, आणि वेग वाढावा म्हणून तिच्यात जलद नौकांसाठी केलेली सहा डिझेल यंत्रे बसविली होती. ही युक्ती मात्र अंगाशी आली. त्या यंत्रांतून धूर फार निघे. आणि जिचे सारे सामर्थ्य लपण्यात तिने आकाशात धुराची रेघ काढीत जावे, यापरते व्यंग ते कोणते?

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. त्या काळची पाणबुडी ही सदैव पाण्याखाली राहणारी नौका नव्हती. डिझेल यंत्रांना हवा लागते. म्हणून ती बहुधा पृष्ठावरून चाले, आणि शत्रूची चाहूल लागली म्हणजे बुडी मारून विजेच्या घटांवर हळूहळू सरके. घट रिते झाले की पुन्हा वर येणे भाग पडे. वर माझ्या विद्यार्थ्याने टिबुकलीकडे बोट दाखविले ते अगदी यथार्थ होते.

दिनांक ९ फेब्रुवारी १९४३ रोजी यू-१८० ने कील बंदर सोडले. नौकापती होते वेर्नर मुझेनबेर्ग. स्टालिनग्राड येथे जर्मन सैन्याने शस्त्रे खाली ठेवून तेव्हा आठवडाच झाला होता. नेताजींच्या सोबत एकच भारतीय होता : हैदराबादचे तरुण आबिद हसन. पुढे ११ आठवडे त्या दोघांनी त्या लोखंडी नळकांड्यात काढले. अंथरूण, पांघरूण, भाकरी, सर्वांना डिझेलचा वास येई, असे हसन यांनी नंतर सांगितले आहे. अशा स्थितीतही नेताजी आपल्या ग्रंथाची दुरुस्ती करीत, पुढील कार्याचे बेत आखीत, आणि हसन ते टंकलिखित करीत. नॉर्वेच्या बाजूने, आईसलंडच्या दक्षिणेकडून अटलांटिकात, आणि मग आफ्रिकेला वळसा घालून हिंदी महासागरात, असा तो मार्ग होता.

येथपर्यंत मी वर्गात सांगत असे. यापुढील एक दिवस मी कधी सांगितला नव्हता, कारण माझ्या जुन्या पुस्तकांत तो नव्हता. तो दिवस १८ एप्रिल १९४३.

त्या दिवशी दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेस यू-१८० ला ‘कॉर्बिस’ नावाचे ब्रिटिश तेलवाहू जहाज आढळले. आठ हजार टनांहून मोठे असे ते जहाज होते. पाणबुडीने त्यावर पाणतीर सोडले, आणि ते बुडाले. त्यावरील ६० माणसांपैकी ५० माणसे मेली. नेताजी त्या वेळी पाणबुडीतच होते. ते प्रवासी होते. आज्ञा देणे वा न देणे त्यांच्या हाती नव्हते. युद्ध म्हटले की ते असेच असते, हेही खरे. तथापि ज्या लोखंडी भिंतींनी आमचे एक अमूल्य माणूस जपून आणले, त्याच भिंतींआडून त्या दिवशी ५० घरांचे माणूस हिरावले गेले, हे मला ज्या दिवशी प्रथम कळले त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ स्वस्थ बसलो होतो.

हे ऐकून माझा विद्यार्थी काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे आमच्यासारखेच. तेलाचे जहाज.” आणि थोड्या वेळाने पुढे म्हणाला, “गुरुजी, यंत्रघर सगळ्यांत खाली असते. पाणतीर लागला तर खालच्यांना वर यायला सवड मिळत नाही.” तो हे अगदी साध्या स्वरात म्हणाला. आपल्या नोकरीतील एखादी बारीक गोष्ट मला समजावून सांगावी तसा. मी त्याच्याकडे पाहिले, आणि त्याच्या आईचा उपास मला आठवला.

कॉर्बिस बुडाल्यानंतर आठवडाभरानेच, २६ एप्रिलच्या सुमारास, मादागास्करच्या आग्नेयेस ठरलेल्या ठिकाणी जपानची आय-२९ ही पाणबुडी येऊन भेटली. समुद्र खवळलेला होता. दोन दिवस उभय पाणबुड्या एकमेकींच्या आसपास वाट पाहत राहिल्या. अखेर रबराच्या लहानशा तराफ्यातून नेताजी व हसन यांनी ते अंतर पार केले. उलट बाजूने दोन जपानी अधिकारी जर्मन पाणबुडीत आले, आणि त्यांच्याबरोबर सुमारे दोन टन सोने आले. मे महिन्याच्या आरंभी आय-२९ ने नेताजींना सुमात्राजवळच्या सबांग बंदरी उतरविले. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे : टोकियो, मग जुलैत सिंगापूर, आणि २१ ऑक्टोबर १९४३ रोजी आझाद हिंदच्या हंगामी सरकारची घोषणा.

परंतु या जपानी पाणबुडीचीही एक पूर्वकथा आहे, आणि ती आपल्या मुंबईशी निगडित आहे. नेताजींना घेण्यापूर्वी पाचच महिने, २३ नोव्हेंबर १९४२ रोजी, याच आय-२९ ने ‘तिलावा’ हे उतारूंचे जहाज अरबी समुद्रात बुडविले होते. तीन दिवसांपूर्वीच ते मुंबईहून आफ्रिकेस जावयास निघाले होते. त्यावर ९५८ माणसे होती, त्यांत भारतीय उतारूंचाच भरणा मोठा. २८० जणांचा अंत झाला. ज्यांना आपण आपले म्हणतो अशी ती माणसे होती : पोटासाठी परमुलखी निघालेली, बायकापोरांसह निघालेली. नेताजी ज्या नौकेत चढले तिने पूर्वी काय केले होते हे त्यांना ठाऊक होते की नव्हते, याचा निवाडा करणारा मी कोण? मी इतकेच म्हणतो की इतिहासाची नदी कधी एका प्रवाहाची नसते. अंभोऱ्याप्रमाणे तिच्यात पाच पाणी मिसळलेले असते, आणि एकदा मिसळल्यावर हे पाणी कन्हानचे व हे वैनगंगेचे असे वेगळे काढून दाखविता येत नाही.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर. यू-१८० पुढे कोठे गेली? परतीच्या वाटेवर, ३ जूनला, तिने ‘बोरिस’ नावाचे ग्रीक मालवाहू जहाज बुडविले, आणि जुलैच्या आरंभी ती फ्रान्समधील बोर्दो बंदरी पोचली. धूर ओकणारी यंत्रे निरुपयोगी ठरली होती. ती काढून दुसरी बसविण्यात आली; पाणतीर सोडण्याच्या नळ्याही काढून टाकल्या, आणि तिला मालवाहू पाणबुडी करण्यात आले. पृष्ठावरची वाट शत्रूने बंद केल्यामुळे जर्मनी व जपान यांच्यामधील मोलाच्या मालाची ने-आण अशा पाणबुड्यांतूनच होऊ लागली होती. म्हणजे शेवटच्या सफरीस निघाली तेव्हा यू-१८० जवळजवळ भारवाहू बैल झाली होती.

जून १९४४ मध्ये दोस्त सैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरले, आणि ऑगस्टमध्ये जर्मनांना बोर्दो सोडण्याची वेळ आली. २० ऑगस्ट १९४४ रोजी, रोल्फ रीझेन या नव्या नौकापतीच्या हाताखाली, यू-१८० जपानच्या वाटेने निघाली. दोन-तीन दिवसांतच, बिस्केच्या उपसागरात, ती नाहीशी झाली. सुरुंगावर आदळली असे पूर्वी मानीत. पाण्याखालून हवा घेण्याच्या नळीत बिघाड होऊन आतील माणसे गुदमरली असावीत असाही एक तर्क आहे. निश्चित कारण आजवर सिद्ध झालेले नाही. निश्चित आहे तो आकडा : ५६ माणसे होती, ५६ ही गेली. कॉर्बिसवरचे १० जण तरी वाचले होते. हिच्यातला एकही परत आला नाही.

आणि आय-२९? तिची गती याहून निराळी नव्हती. २६ जुलै १९४४ रोजी फिलिपाइन्सच्या उत्तरेस ‘सॉफिश’ या अमेरिकन पाणबुडीने तिला बुडविले. तिच्यावरील एकच खलाशी वाचला. अशा रीतीने ज्या दोन नौकांनी नेताजींना सागरावरून हातोहात पोचविले, त्या दोन्ही एका महिन्याच्या अंतराने समुद्राच्या तळाशी गेल्या. त्यानंतर एक वर्षाने, ऑगस्ट १९४५ मध्ये, नेताजींच्या विमानाच्या अपघाताची वार्ता आली.

जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारे ४० हजार माणसांपैकी ३० हजारांच्या आसपास माणसे परतली नाहीत असा हिशेब आहे. त्यांच्या हातून बुडालेल्यांचा हिशेब त्याहून मोठा. त्या महायुद्धात मेलेल्या व्यापारी जहाजांवरील भारतीय खलाशांची संख्याच सहा हजारांच्या घरात जाते. त्यांत आपल्या कोकणपट्टीची माणसेही होती. जर्मनीच्या त्या राजवटीने जे घोर अत्याचार केले त्यांना क्षमा नाही, आणि त्या राजवटीची चाकरी करणाऱ्यांना मी हुतात्मे म्हणावयास निघालो आहे असे कोणी समजू नये. परंतु यू-१८० च्या पोटातील यंत्रावर तेल घालणारा तरुण पोरगा आणि कॉर्बिसच्या यंत्रघरातला तेलकट हातांचा माणूस, हे दोघे समुद्राच्या तळाशी गेल्यावर त्यांच्यामध्ये कोणता भेद उरतो, हे मला सांगता येत नाही. त्यांच्या आयांना तर तो खचित सांगता आला नसता.

माझे सांगणे संपले तेव्हा सूर्य कलला होता. विद्यार्थी म्हणाला, “गुरुजी, हे तुम्ही आम्हाला तेव्हा सांगायला हवे होते.”

मी म्हणालो, “तेव्हा मला ठाऊक नव्हते.”

तो म्हणाला, “मग ‘ठाऊक नाही’ म्हणायचे.”

तो हसत हसत म्हणाला. पण शिष्याकडून पराजय व्हावा अशी गुरूने इच्छा धरावी म्हणतात, ती माझी त्या क्षणी पुरी झाली. वर्गातून आम्ही शौर्य शिकविले, आणि ते शिकविलेच पाहिजे. नेताजींचे धैर्य या साऱ्या हकीकतीने रतिभरही कमी होत नाही. उलट, चोहोकडे मृत्यू भरलेल्या त्या नळकांड्यात ११ आठवडे शांत चित्ताने काम करीत राहणे म्हणजे काय, हे आता मला अधिक कळते. परंतु शौर्याची किंमत कोणी कोणी मोजली हे न सांगता सांगितलेली शौर्यकथा अपुरी असते. त्या अपुरेपणाचा दोष माझ्याकडे आहे.

आपल्या तर्पणविधीत शेवटी एक अंजली अशांसाठी असते की ज्यांच्याशी आपले नाते नाही, ज्यांना पाणी देणारे कोणी उरलेले नाही. लहानपणी वडिलांनी ते शिकविले तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नव्हता. अनोळखी माणसाला आपण पाणी का द्यावे असे वाटे. त्या सायंकाळी मी पाण्यात उतरलो, आणि ती शेवटची अंजली तेवढी दिली. कॉर्बिसच्या ५० जणांना, तिलावाच्या २८० जणांना, आणि यू-१८० च्या ५६ जणांनाही. ढिवरबाबा जाळे गोळा करून आमच्याकडे पाहत उभे होते. त्यांनी विचारले, “कोनाच्या नावानं, गुरुजी?” मी म्हणालो, “पाण्यात गेलेल्यांच्या.” त्यांनी आपल्या बुडालेल्या गावाच्या दिशेने एकवार पाहिले, आणि काही न बोलता हात जोडले.

वैनगंगेचे पाणी गोसीखुर्दला अडते, पण तेथेच थांबत नाही. पुढे वर्धेला भेटून ती प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत मिळते, आणि गोदावरी समुद्रास. सारे समुद्र आतून एकच आहेत, हे मला भूगोलाच्या तासाला शिकविता आले होते. त्याचा अर्थ या वयात, एका विद्यार्थ्याच्या जुन्या प्रश्नाने शिकविला. तो आता पुन्हा जहाजावर गेला आहे. त्याच्या आईचा उपास चालूच आहे. आणि येत्या २३ जानेवारीस कोणी मला शाळेत गोष्ट सांगावयास बोलाविले, तर या खेपेस मी ती शेवटपर्यंत सांगणार आहे.